बांधकाम करणारे संत : श्री गाडगेबाबा

श्री भैरवनाथांच्या कृपेने आणि गावकरी व देणगीदार मंडळींच्या सहकार्याने आपल्या मंदिराच्या जीर्णोद्धाराचे काम पूर्ण होऊन आज कलशारोहणाचा मंगल दिवस उगवला आहे. यानिमित्त निघणाऱ्या स्मरणिकेत मीही चार ओळी लिहाव्यात, असा समितीने आग्रह धरला. मी काही लेखक नव्हे. शिक्षण एस.एस.सी.पर्यंत झाले आणि गेली वीस-बावीस वर्षे तालुक्याच्या कचेरीत कागद लिहिण्यात गेली. तरी गावाचे काम म्हणून होकार दिला. वाचकांनी गोड मानून घ्यावे.

कोणाविषयी लिहावे याचा विचार करू लागलो तेव्हा डोळ्यांसमोर संत गाडगेबाबा आले. देवळाच्या स्मरणिकेत गाडगेबाबा कशाला, असे काहींना वाटेल. पंढरपुरास जाऊनही जे विठोबाच्या दर्शनाला राउळात शिरत नसत, वाळवंटात खराटा घेऊन झाडीत बसत, त्यांचे येथे काय काम? परंतु ज्या माणसाला लिहिता-वाचता येत नव्हते, ज्याच्या अंगावर धड कपडा नव्हता, त्याने घाट बांधले, धर्मशाळा उभारल्या, शाळा काढल्या, आणि हाती घेतलेली कामे अखेरीस नेली. कचेरीत बसून मी जोत्यापर्यंत येऊन थांबलेले सभामंडप पाहिले आहेत, आणि आकाशाकडे तोंड करून गंजत पडलेल्या सळयाही पाहिल्या आहेत. पैसा नव्हता म्हणून थांबलेली कामे त्यांत थोडी. पुढाऱ्याचा स्वभाव आडवा आला म्हणून थांबलेली फार. तेव्हा बांधकाम कसे तडीस न्यावे, हे शिकावयाचे तर बाबांचे चरित्र पाहावे, असे माझे नम्र मत आहे.

माझे आजोबा तरुणपणी आषाढी वारीला जात. चंद्रभागेच्या वाळवंटात त्यांनी एक माणूस पाहिला होता. अंगात निरनिराळ्या चिंध्यांचे शिवलेले कपडे, डोक्यावर मातीचे गाडगे, हातात खराटा. तो घाण गोळा करीत होता. आजोबांना वाटले, झाडूवाला असेल. रात्री कीर्तनाला गेले तर हजारोंच्या समुदायापुढे तोच माणूस उभा. आजोबा ही गोष्ट सांगताना दर वेळी थोडे थांबत, कारण दुपारी त्या माणसाला बाजूला हो म्हणून त्यांनी हटकले होते. ती खंत त्यांच्या मनातून शेवटपर्यंत गेली नाही.

बाबांचे मूळ नाव डेबूजी झिंगराजी जानोरकर. अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे दि. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी एका परीट कुटुंबात त्यांचा जन्म झाला. वडील झिंगराजी दारूच्या व्यसनापायी लवकर वारले. आई सखुबाई लहानग्या डेबूला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातील दापुरे या गावी माहेरी आली. मामाकडे डेबूने गुरे राखली, नांगर धरला, मोट हाकली. शेतकामात त्यांचा हात धरणारा गावात कोणी नव्हता. पोहण्यात ते तरबेज होते आणि भजनाची गोडी लहानपणापासून होती. शाळेचे तोंड मात्र पाहावयास मिळाले नाही.

पुढे मामाची जमीन कर्जाच्या व्यवहारात सावकाराकडे गेली. राबणारा एक आणि कागद वाचणारा दुसरा असला म्हणजे काय होते, हे डेबूजींनी कोवळ्या वयात पाहिले. पुढे आयुष्यभर कीर्तनातून त्यांनी कर्ज काढून सण करू नका, व्यसन करू नका, मुलांना शिकवा असे सांगितले, त्याचे मूळ या घरच्या अनुभवात आहे. १८९२ मध्ये कुंताबाईंशी त्यांचे लग्न झाले. मुलीच्या बारशाला जातभाईंना मटण व दारू देण्याची रीत होती. डेबूजींनी ती मोडून गोड जेवण दिले. जातभाई रागावले, पण त्यांनी माघार घेतली नाही.

दि. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. पुढली बारा वर्षे गावोगाव फिरण्यात गेली. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच, डोक्यावर गाडगे. त्या गाडग्यावरूनच लोक त्यांना गाडगेबाबा म्हणू लागले. गावात आल्यावर कोणाच्या ओसरीवर जाऊन बसण्याऐवजी ते आधी गाव झाडावयास घेत. गटारे उपसत, रस्ते साफ करीत. मग भाकरी मागून खात आणि रात्री कीर्तन करीत. कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारीत आणि उत्तरही त्यांच्याच तोंडून काढून घेत. दिवसा ज्यांनी बाबांना झाडताना पाहिले, ते रात्री त्यांचे बोलणे ऐकत. दुसऱ्या दिवशी झाडू कोणी हातात घ्यावयाचा, हे मग कोणाला सांगावे लागत नसे.

बांधकामाची सुरुवात झाली ती ऋणमोचनपासून. हे पूर्णा नदीकाठचे तीर्थस्थान. पौष महिन्यात तेथे यात्रा भरते. स्नानाला उतरणारे भाविक चिखलातून घसरत, म्हातारी माणसे पडत. ही अडचण सर्वांना दिसत होती. दरसाल लोक पडत आणि दरसाल त्याची चर्चा होई. बाबांनी सभा भरविली नाही. स्वतः माती-मुरूम वाहून आणला आणि वाट नीट करावयास सुरुवात केली. एक माणूस एकटाच पाट्या वाहतो आहे, हे पाहून यात्रेकरू थांबले, दोघे-चौघे हात लावू लागले, मग आणखी लोक आले. पुढे १९०८ साली तेथे पक्का घाट झाला. त्यांच्या प्रयत्नांतून तेथे लक्ष्मीनारायणाचे मंदिरही उभे राहिले. म्हणजे बाबा देवळाच्या विरुद्ध होते असे जे म्हणतात, ते अर्धेच खरे आहे. देवाच्या नावाने कोंबडी-बकरी कापणे, कर्ज काढून यात्रा करणे आणि माणसाला दाराबाहेर ठेवणे, यांच्या ते विरुद्ध होते.

ऋणमोचनची ही रीत बाबांनी पुढे सोडली नाही. काम कसे करावयाचे हे ते तोंडाने थोडे सांगत, हाताने अधिक दाखवीत. आपल्याकडे पुढारी म्हटला की खुर्ची आधी येते. तो हुकूम सोडतो, काम बिगाऱ्याने करावयाचे, आणि उशीर झाला की बोल गवंड्याला. अशा ठिकाणी लोक काम पाहतात, पण आपले मानीत नाहीत. ज्याने दोन घमेली खडी वाहिली, त्याला मात्र ती भिंत जन्मभर आपली वाटते. बाबांना हे मर्म न शिकता कळले होते.

आता पंढरपूरची हकीकत सांगतो. त्या काळी अस्पृश्य समाजातील वारकरी शेकडो मैल चालून येई, परंतु त्याला विठोबाच्या देवळात प्रवेश नव्हता आणि उतरावयास जागाही नव्हती. पावसापाण्यात बायका-मुले उघड्यावर पडत. संत चोखोबा याच समाजातले. मंगळवेढ्याच्या गावकुसाचे काम करीत असता, १३३८ साली, ती भिंत अंगावर कोसळून त्यांचा अंत झाला. दुसऱ्यासाठी भिंती बांधणाऱ्याच्या वंशजांना आडोशाला भिंत नसावी, ही गोष्ट बाबांच्या मनाला लागली. त्यांनी पंढरपुरात या यात्रेकरूंसाठी धर्मशाळा उभारली. तिला नाव दिले चोखामेळा धर्मशाळा. बांधणाऱ्याचे नाव नव्हे, ज्यांच्यासाठी बांधली त्यांच्या संताचे नाव. विठोबाचे दार सर्वांना उघडले ते पुढे १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. त्याच्या कितीतरी वर्षे आधी बाबांनी निवाऱ्याची सोय करून ठेवली होती.

पुढे नाशिक, आळंदी, देहू या ठिकाणी धर्मशाळा झाल्या. मूर्तिजापूरला गोरक्षण, धर्मशाळा व विद्यालय झाले. अंध, अपंग व निराधारांसाठी सदावर्ते निघाली. यासाठी लागणारा पैसा लहान-मोठ्या दात्यांनी दिला. शेटजींनी थैली दिली आणि मजुराने आणा दिला. बाबांच्या शब्दावर लोक देत, कारण बाबा स्वतः पैशाला हात लावीत नसत. पैसा जबाबदार माणसांच्या हाती, हिशेब जाणत्या माणसांकडे, आणि बाबा आपले खराटा घेऊन पुढच्या गावी. ज्यांना एक ओळ वाचता येत नव्हती, त्यांनी हिशेब इतका चोख ठेवविला, याचे आम्हां लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या कारकुनांना नवल वाटते. परंतु विचार केला तर त्यात नवल नाही. कागदाने माणूस कसा बुडतो हे त्यांनी दापुऱ्यात पाहिले होते. म्हणून आपल्या नावावर कागद होऊच द्यावयाचा नाही, ही त्यांची शिस्त होती.

ही शिस्त घरच्यांनाही लागू होती. लाखो रुपयांच्या इमारती उभ्या राहत असता कुंताबाई झोपडीत राहिल्या. धर्मशाळेतले अन्न यात्रेकरूंचे व गोरगरिबांचे, ते आपल्या माणसांनी खावयाचे नाही, असा बाबांचा दंडक होता. स्वतः ते भाकरी मागून खात. आपल्या रक्ताच्या नात्यातील कोणाचा या संस्थांवर हक्क राहू नये, याची त्यांनी काळजी घेतली. हे वाचावयास सोपे आहे. कुंताबाईंनी ते कसे सोसले असेल, हे त्यांनाच ठाऊक. मुलगा गोविंद गेल्याची बातमी आली तेव्हा बाबा कीर्तनात उभे होते. बातमी ऐकून ते क्षणभर थांबले आणि कीर्तन पुढे चालू केले. आपल्यासारख्या प्रापंचिकांना हे झेपणारे नाही, आणि तसे करावे असे माझे म्हणणेही नाही. परंतु एवढे ध्यानात घ्यावे की लोकांनी बाबांवर जो विश्वास टाकला, त्याची किंमत बाबांच्या घराने मोजली होती.

दुसरी गोष्ट म्हणजे इमारत पूर्ण झाली की बाबा तिच्यात राहावयाचे नाहीत. गादी नाही, मठ नाही, आपण कोणाचे गुरू नाही व आपला कोणी शिष्य नाही, असे ते सांगत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे मुलांच्या वसतिगृहासाठी सोपविली. एवढ्या कष्टाने उभी केलेली वास्तू दुसऱ्याच्या हाती देताना त्यांनी मागेपुढे पाहिले नाही, कारण तेथे मुले शिकणार होती. कर्मवीर भाऊराव पाटलांच्या कार्यावर त्यांचा लोभ होता. १९५४ साली कऱ्हाड येथे रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय निघाले, त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचे नाव देण्यात आले. ज्याने शाळा पाहिली नाही त्याच्या नावाने महाविद्यालय! पुढे २००५ साली अमरावती विद्यापीठालाही त्यांचे नाव मिळाले.

आपल्या पश्चात कामे नीट चालावीत म्हणून १९५२ साली श्री गाडगेबाबा मिशनची स्थापना झाली. दि. ६ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. आंबेडकरांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर अवघ्या चौदा दिवसांनी, दि. २० डिसेंबर १९५६ रोजी, अमरावतीकडे जात असता वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर बाबांनी प्रवासातच देह ठेवला. ज्या माणसाने हजारोंच्या डोक्यावर छप्पर दिले, त्याचा अंत स्वतःच्या छपराखाली झाला नाही. आज मुंबईत दादरला त्यांच्या नावाची धर्मशाळा आहे. कॅन्सरच्या उपचारासाठी गावोगावाहून येणारे गरीब रुग्ण व त्यांचे नातेवाईक तेथे उतरतात. आपल्या तालुक्यातीलही किती कुटुंबांना तिचा आधार मिळाला असेल! २०००-०१ साली राज्य शासनाने गावच्या स्वच्छतेसाठी जे अभियान सुरू केले, ते त्यांच्याच नावाने.

आता थोडे आपल्या मंदिराविषयी, आणि त्यात आधी स्वतःविषयी, लिहिणे भाग आहे.

आपले काम स्लॅबपाशी येऊन थांबले होते, हे सर्वांना माहीत आहे. करोनाचे निमित्त झाले, परंतु करोना गेल्यावरही काम थांबलेलेच राहिले. कोणी म्हणे पैसा संपला, कोणी म्हणे गवंडी गेला. खरे कारण असे की हिशेबाविषयी पारावर कुजबुज सुरू झाली होती आणि किर्द माझ्याकडे होती. कचेरीतला माणूस म्हणून गावाने विश्वासाने ती माझ्या हाती दिली होती. कुजबुज कानावर आली तेव्हा मला राग आला. मी एक पैसा खाल्ला नव्हता. मग मी का दाखवावे, अशा तोऱ्यात मी किर्द कपाटात ठेवून कुलूप लावले. आठ महिने ती उघडली नाही. तेवढ्या काळात एकाही घरातून वर्गणी आली नाही, आणि ज्यांनी कबूल केली होती त्यांनीही हात आखडता घेतला. उघड्या सळयांना गंज चढला.

त्याच सुमारास घरी रुग्ण असल्याने दादरच्या धर्मशाळेत मला चार रात्री राहावे लागले. तेथे रांगेत भाकरी घेताना बाबांची आठवण झाली. ज्यांनी पैशाला हात लावला नाही, त्यांचाही हिशेब लोकांपुढे उघडा होता. मग माझ्या प्रामाणिकपणाला कुलूप कशाला हवे? परत आल्यावर पुढच्या अमावास्येला देवळापुढे सर्वांदेखत मी किर्द पहिल्या पानापासून वाचली. दीड तास लागला. वाचता वाचता माझीच चूक मला सापडली. सिमेंटच्या एका खेपेची हमाली दोनदा मांडली होती, ७४० रुपये. लाज वाटली, परंतु ती रक्कम तेथेच जमा केली. मला वाटले, आता लोक बोल लावतील. तसे झाले नाही. एका म्हाताऱ्या आजीने, जी मोलमजुरी करून पोट भरते, कनवटीची ५१ रुपयांची पुरचुंडी सोडून पुढे ठेवली. त्यानंतर पंधरा दिवसांत काम सुरू झाले. रविवारी तरुण मंडळी खडी-वाळू वर चढवू लागली आणि समितीचे अध्यक्षही घमेले घेऊन रांगेत उभे राहिले. वय पाहून पोरांनी त्यांना थांबविले, पण त्यांनी ऐकले नाही. शिखराचे काम जे वर्षभर लागेल असे वाटत होते, ते त्यामानाने फार लवकर झाले.

यावरून मला एवढेच कळले की बांधकाम सिमेंटाइतकेच विश्वासावर उभे राहते, आणि तो विश्वास पुढे असणाऱ्याच्या वागण्यातून येतो. पुढारी रागीट असो की शांत, शिकलेला असो की अडाणी, त्याने घमेले आधी उचलावे, पैशाला हात शेवटी लावावा आणि हिशेब चव्हाट्यावर ठेवावा. काम झाल्यावर बाजूला व्हावे. मोठमोठ्या कामांना अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, ठेकेदार हे सर्व लागतेच. त्याशिवाय भिंत सरळ येत नाही. परंतु हे सर्व असूनही ओस पडलेली कामे मी पाहिली आहेत.

शेवटी एक विनंती करतो. सर्व खर्च जाऊन काही रक्कम शिल्लक राहिली आहे. तिची चांदीची प्रभावळ करावी, असे काही मंडळींचे मत आहे. मंदिरामागे वाटसरूंसाठी व यात्रेकरूंसाठी दोन खोल्या, पाण्याची टाकी व शौचालय बांधावे, असे इतरांचे मत आहे. दोन्ही बाजूंना देवाविषयी भाव आहे, यात शंका नाही. निर्णय ग्रामसभा घेईल आणि तो सर्वांनी मानावा. माझ्यापुरते सांगावयाचे तर यात्रेच्या रात्री लहान मुले घेऊन देवळाच्या मागे उघड्यावर निजणाऱ्या बायका मी लहानपणापासून पाहत आलो आहे. गाडगेबाबा आपल्या गावी आले असते तर त्यांनी कळसाकडे पाहण्याआधी मंदिराची मागली बाजू पाहिली असती, असे मला वाटते.

देणगीदार बंधु-भगिनींनी, पाथरवट, गवंडी व बिगारी मंडळींनी आणि श्रमदान करणाऱ्या तरुणांनी गावावर जे उपकार केले आहेत, त्यांची नोंद किर्दीत आहे. ती किर्द यापुढे सभामंडपातील कपाटात राहील आणि त्या कपाटाला कुलूप नाही. ज्याला पाहावयाची असेल त्याने केव्हाही पाहावी. मंदिर झाडण्याची पाळी घराघराने लावली आहे. पहिल्या रविवारची पाळी मी मागून घेतली आहे.

श्री भैरवनाथ सर्वांना सुबुद्धी व आरोग्य देवोत, हीच श्रीचरणी प्रार्थना.